खाकी पिशवीचा फाउल

रंगमंचावर नटाच्या तोंडून अश्लील शब्द निसटला की शिट्टी वाजते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच पुढे येतो आणि खाकी कागदी पिशवी त्याच्या डोक्यावर उपडी घालतो. उरलेला प्रवेश त्याने तसाच, तोंड झाकून, रेटायचा. प्रेक्षकांपैकी कुणी वाह्यात सूचना केली, तर पिशवी त्याच्याही वाट्याला येते.

हा नियम अमेरिकेतल्या ‘कॉमेडीस्पोर्ट्झ’चा. १९८४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात डिक चडनाऊने काही स्थानिक विनोदी नटांना घेऊन हा खेळ सुरू केला. एक संघ लाल, दुसरा निळा. संहिता नाही. विषय प्रेक्षकांनी सुचवायचा, नटांनी उभ्या उभ्या प्रवेश रचायचा आणि कौलही प्रेक्षकांनीच द्यायचा.

नटांचा सामना लावण्याची कल्पना मात्र कीथ जॉन्स्टनची. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात काम करत असताना त्याने कुस्तीचे व्यावसायिक सामने पाहिले. तिथले प्रेक्षक बाकांवरून उठून ओरडत होते. नाटकाला आलेली माणसं अशी का पेटत नाहीत, हा प्रश्न त्याला छळू लागला. पण त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून आधी मंजूर करून घ्यावी लागे. जे अजून सुचलेलंच नाही ते मंजुरीला पाठवणार कसं? ही सक्ती १९६८ च्या कायद्याने गेली. जॉन्स्टन पुढे कॅनडात स्थायिक झाला आणि १९७७ च्या सुमारास कॅल्गरीत त्याचं ‘थिएटरस्पोर्ट्स’ उभं राहिलं.

उत्स्फूर्त नाट्याची अमेरिकेतली मुळं त्याहून जुनी, आणि ती थेट लहान मुलांपर्यंत पोचतात. शिकागोच्या हल हाउसमध्ये नेव्हा बॉइड स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांना खेळांतून घडवत असे. तिच्या हाताखाली शिकलेल्या व्हायोला स्पोलिनने त्यातूनच नाट्यखेळ रचले: भाषा अडली तरी खेळता येतील असे. तिचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यमंडळाच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि मुलांचे ते खेळ मोठ्यांच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत शिरले.

चडनाऊला तो मोकाट विनोद परका नव्हता. १९७१ मध्ये झकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांच्यासोबत त्याने मॅडिसनमध्ये ‘केंटकी फ्राइड थिएटर’ काढलं होतं. दोघे झकर आणि अब्राहम्स या तिघांनी पुढे ‘एअरप्लेन!’ हा चित्रपट केला. तरीही मिलवॉकीत त्याने आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसता येईल असा खेळ मांडला. खरं तर यात नटाचा कस अधिक लागतो. प्रवेश फसू लागला की शिवी हा हशा मिळवायचा सगळ्यात जवळचा रस्ता, आणि इथे तोच बंद. शब्दांच्या रटाळ कोट्यांवरही ‘ग्रोनर’ नावाचा फाउल आहे. प्रेक्षक कण्हले की नटाने त्यांची रीतसर माफी मागायची!

मिलवॉकीचा हा खेळ पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांत आणि इंग्लंडातल्या मँचेस्टरपर्यंत गेला. आता हायस्कूलच्या मुलांचेही संघ आहेत. त्यांनाही हाच पंच आणि हेच नियम.