पाश्चात्य संगीताचें शिक्षण आणि राजाश्रय : गोमंतक, तंजावर व बडोदें

१

लग्नसराईच्या दिवसांत भिवंडीस धामणकर नाक्यावर उभें राहिलें असतां एखादी वरात बँड वाजवीत पुढें सरकतांना दृष्टीस पडते. सूर एखाद्या मराठी अगर हिंदी गीताचा असतो. क्लॅरिनेट, ट्रंपेट, कॉर्नेट हीं वाद्यें मात्र युरोपांतलीं. हीं आमच्या लोकांच्या हातीं कशीं आलीं असें विचारल्यास, इंग्रजी पलटणींबरोबर आलीं, असें उत्तर बहुधा मिळतें. तें खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. वाद्य हातीं येणें निराळें आणि तें वाजविण्याची विद्या येणें निराळें. विद्येस शिक्षक लागतो, शिक्षकास वेतन लागतें, आणि वेतन कोणाच्या तरी खजिन्यांतून निघतें. तो खजिना कोणाचा, हा इतिहासाचा प्रश्न होय.

भिवंडीसारख्या गांवीं हा प्रश्न सुचावा हें स्वाभाविक आहे. कामवारीच्या कांठच्या या जुन्या गांवाहून खाडीच्या वाटेनें पश्चिमेकडे गेलें कीं वसई लागते. सन १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचें निशाण होतें; इकडे कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांनीं सन १६५७ मध्यें घेतली. तिकडे चर्चमधील लॅटिन गायन, इकडे नौबत व सनई-चौघडा. दोहोंमध्यें काय तें एका खाडीचें अंतर. दोन संगीतपद्धति इतक्या जवळ नांदल्या असतांही, एकीचें शिक्षण दुसरीच्या प्रदेशांत रुजलें तें केवळ शेजारामुळें नव्हे. जेथें राज्यानें पैसा घातला तेथें तें रुजलें, आणि तेथेंही सर्वत्र सारखें टिकलें नाहीं. गोमंतक, तंजावर व बडोदें या तीन स्थळांचा मराठी वाचकांशीं जवळचा संबंध आहे. त्यांचा ताळा घेऊन, राजाश्रयानें काय साधलें व काय साधलें नाहीं, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

सर्वांत जुना दाखला गोमंतकाचा. पोर्तुगीजांनीं गोवें सन १५१० मध्यें घेतलें. पोपकडून पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील चर्चांच्या व्यवस्थेचा अधिकार मिळाला होता. त्याबरोबर त्यांच्या खर्चाचा भारही त्याच्यावर पडला. यामुळें गोमंतकांत धर्मखातें व राजखातें हीं वेगळीं राहिलीं नाहींत, आणि चर्चमधील गायन-वादनाचें शिक्षण हें एका अर्थीं सरकारी शिक्षणच झालें. सन १५४१ मध्यें स्थापन झालेलें व पुढें सेंट पॉल या नांवानें प्रसिद्धीस आलेलें विद्यालय, आणि सन १५४५ च्या सुमारापासून गांवोगांव सुरू झालेल्या चर्चच्या शाळा, हीं या शिक्षणाचीं मुख्य साधनें होत. शाळेंतील गुरूस 'मेस्त्र' म्हणत. तो मुलांस अक्षरओळखीबरोबर पाश्चात्य स्वरलिपि, लॅटिन स्तोत्रांचें गायन व व्हायोलिन शिकवी, आणि सणावारीं चर्चमधील गायकवृंदही तोच चालवी.

परंतु हा पैसा आला कोठून, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. तिसवाडींतील देवळें पाडल्यावर त्यांच्या जमिनींचें उत्पन्न सन १५४१ मध्यें नव्या धर्मसंस्थांकडे वळविण्यांत आलें. ज्या उत्पन्नावर पूर्वीं देवळांतील वाजंत्री व सेवेकरी पोसले जात, त्यावरच आतां लॅटिन गायन शिकविणारे पोसले जाऊं लागले. इतकेंच नव्हे, तर सन १७३६ मध्यें गोव्याच्या इन्क्विझिशननें काढिलेल्या जाहीरनाम्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस लग्नप्रसंगीं देशी वाद्यें वाजविण्याची व देशी गाणीं म्हणण्याची बंदी केली. एका संगीतास मिळालेला राजाश्रय हा दुसऱ्या संगीतास झालेला राजदंड होता. पाश्चात्य संगीताच्या गोमंतकांतील प्रसाराचें जे निव्वळ कौतुक करितात, त्यांनीं ही बाजू दृष्टीआड करूं नये.

असें असूनही, एकदां शिक्षणाची ही रचना उभी राहिल्यावर ती टिकली, हेंही तितकेंच खरें. टिकण्याचें कारण लिस्बनच्या दरबाराची उदारता नव्हे. गांवकरीचें उत्पन्न व चर्चच्या बंधुमंडळांचा निधि यांवर मेस्त्राचें वेतन चालत असे; म्हणजे खर्च गांवाच्या वहीवर पडला. विजरई बदलला, दरबार जुन्या गोव्याहून पणजीस गेला, तरी गांवचा मेस्त्र गांवींच राहिला. त्याच्या हाताखालून निघालेल्या विद्यार्थ्यांस एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत इंग्रजी पलटणींचे बँड, संस्थानिकांचे दरबार, मुंबईचीं हॉटेलें आणि पुढें चित्रपटसृष्टि यांत चाकरी मिळाली. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनपरंपरेंतून आले, मुंबईच्या चित्रपटसृष्टींत वाद्यवृंदांची रचना करूं लागले, आणि सन १९५८ मध्यें त्यांनीं देशी राग व पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणणारा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सन १९५२ मध्यें आंतोनियु द फिगेरेदु यांनीं पणजीस संगीताची 'अकादेमिया' काढली. सन १९६१ मध्यें पोर्तुगीज सत्ता गेली तरी ती संस्था बुडाली नाहीं, तर गोव्याच्या कला अकादमींत पाश्चात्य संगीताचा विभाग म्हणून चालू राहिली. राज्य गेलें, ध्वज बदलला, शिकवणी राहिली.

३

दुसरा दाखला तंजावरचा. तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, कारण येथें आश्रय देणारा राजा भोसलेकुळांतील, त्याची भाषा मराठी, आणि त्याच्या दरबारचें दप्तर मोडींत आहे.

शरफोजीराजे (दुसरे) यांचा जन्म सन १७७७ चा. तुळजाजीमहाराजांनीं त्यांस सन १७८७ मध्यें दत्तक घेतलें. गादीच्या तंट्यामुळें त्यांचें रक्षण व शिक्षण ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं झालें, व कांहीं काळ त्यांस मद्रासेस राहावें लागलें. सन १७९८ मध्यें ते गादीवर बसले. परंतु २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षास एक लक्ष स्टार पगोडा व निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा एवढेंच उरलें.

या तुटपुंज्या स्वातंत्र्यांत या पुरुषानें काय केलें, तें संशोधकांस ठाऊकच आहे. सरस्वतीमहाल ग्रंथालयाची भर, बृहदीश्वराच्या भिंतीवर सन १८०३ मध्यें कोरविलेला भोसलेवंशाचा मराठी इतिहास, भूगोल सांगणारें 'देवेंद्रकुरवंजी' हें मराठी नाटक, नवविद्येच्या शाळा, हीं सर्व त्यांचीं कामें. परंतु याच यादींत त्यांच्या पाश्चात्य संगीताच्या उद्योगाचा उल्लेख क्वचितच होतो. त्यांनीं युरोपीय वाद्यें मागविलीं, छापील व हस्तलिखित पाश्चात्य स्वरलेखनाच्या वह्या जमविल्या, आणि देशी वादकांस तें शिक्षण देववून आपल्या पदरीं बँड ठेविला. त्या संग्रहांतील स्वरलेखन सरस्वतीमहालांत अद्याप आहे. संस्कृत, तामीळ व मोडी पोथ्यांच्या शेजारीं पांच रेषांवर मांडलेले युरोपीय सूर ठेवलेले असावेत, ही गोष्ट हिंदुस्थानांतील दुसऱ्या कोणत्या राजग्रंथालयाविषयीं सांगतां येईल काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

हा नुसता शौक होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या राजाची फौज गेली, मुलुख गेला, त्याच्याजवळ राजेपण दाखविण्याचीं साधनें थोडींच उरलीं होतीं. गव्हर्नर, रेसिडेंट अगर बिशप भेटीस आले असतां त्यांचेंच संगीत त्यांच्याच वाद्यांवर ऐकविणें, हें बरोबरीच्या नात्यानें बोलण्यासारखें होतें. बिशप हीबर यानें सन १८२६ मध्यें राजांची भेट घेतली व त्यांच्या विद्वत्तेची वाखाणणी केली. तरवार म्यान झाल्यावर विद्या हेंच शस्त्र उरलें होतें, आणि बँड हा त्या विद्येचा एक भाग होता, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

मात्र या संग्राहक राजानें देशी संगीत टाकून पाश्चात्य संगीत उचललें, असा समज कोणीं करून घेऊं नये. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे प्रसिद्ध बंधु त्याच दरबारचे. नृत्याच्या संचांचें स्वरांसह मराठी लेखन 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नांवानें सरस्वतीमहालानें प्रसिद्ध केलें आहे. दोन्ही संगीतांस एकाच खजिन्यांतून वेतन मिळत होतें. गोव्याची व तंजावरची तुलना करितां हा भेद मोठा ठरतो.

४

येथें एका प्रचलित कथेची तपासणी करणें अवश्य आहे. वडिवेलु यांनीं व्हायोलिन श्वार्ट्झ याजपासून शिकून घेतलें, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. परंतु श्वार्ट्झ सन १७९८ मध्यें वारला, आणि वडिवेलु यांचा जन्म सन १८१० चा धरिला जातो. बारा वर्षांपूर्वीं मृत झालेला गुरु कोणासही धडा देऊं शकत नाहीं. तेव्हां ही कथा टाकून दिली पाहिजे. ती निर्माण झाली याचें कारण उघड आहे: तंजावरांत जें जें युरोपीय तें तें श्वार्ट्झच्या नांवावर जमा करण्याची लोकांस संवय झाली होती.

व्हायोलिन कर्नाटकी संगीतांत शिरण्याच्या वाटा यापेक्षां अधिक होत्या. मुत्तुस्वामी दीक्षितांचे (१७७५–१८३५) धाकटे बंधु बालुस्वामी दीक्षित यांनीं मद्रासेजवळील मणलीच्या मुदलियारांच्या आश्रयानें एका युरोपीय वादकापासून तें शिकून घेतलें. स्वतः मुत्तुस्वामींनीं बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसविले. अशा रचनांस 'नोट्टुस्वर' म्हणतात, व त्यांत इंग्रजी राष्ट्रगीताची चालही आहे. पुढें वडिवेलु यांनीं त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारीं या वाद्याचा मान वाढविला. या सर्वांनीं वाद्य घेतलें, पण गायकी आपली ठेविली. व्हायोलिन खांद्यावरून उतरवून, मांडी घालून बसून, त्याचें टोंक पायाशीं टेंकवून तें वाजविण्याची रीत पडली.

आतां तंजावरच्या बँडची गत पाहूं. शरफोजीराजे सन १८३२ मध्यें निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे सन १८५५ मध्यें पुत्रावांचून वारले, आणि कंपनीनें संस्थान खालसा केलें. ज्या वसुलाच्या हिश्शावर राजवाड्याचा खर्च चाले तो बंद झाला. राजाच्या पदरचें शिक्षण राजाबरोबर संपलें. मागें राहिलीं दोन: ग्रंथालयांतील कागद, आणि देशी वादकांच्या हातांतील व्हायोलिन.

५

तिसरा दाखला बडोद्याचा. येथें आश्रय हा राजाच्या मर्जीचा भाग न राहतां खात्याचा भाग झाला. सयाजीराव गायकवाड यांनीं सन १८८६ मध्यें मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांच्या हाताखालीं सरकारी गायनशाळा काढिली. मौलाबक्ष यांनीं देशी स्वरलेखनाची स्वतःची पद्धति बसवून क्रमिक पुस्तकें केलीं. शिकवणी देशी संगीताची; परंतु वर्ग, क्रमिक पुस्तक, लिपि व सरकारी वेतन ही शाळेची घडण युरोपीय संगीतविद्यालयांच्या वळणाची होती. दुसऱ्या बाजूस संस्थानचा पाश्चात्य बँडही होता, आणि मौलाबक्ष यांचे पुत्र अल्लाउद्दीन यांस महाराजांनीं लंडनच्या रॉयल अकॅडेमींत पाश्चात्य संगीताच्या अभ्यासासाठीं पाठविलें. पुढें फ्रेडिलिस या युरोपीय बँडमास्तरांनीं बडोद्यास देशी वाद्यांचा वृंद बसविला.

त्याच काळीं जपानांत काय चाललें होतें, तें तुलनेसाठीं पाहण्याजोगें आहे. तेथील सरकारनें सन १८७९ मध्यें इझावा शूजी यांच्या नेतृत्वाखालीं संगीताच्या अभ्यासाचें स्वतंत्र खातें काढिलें. दुसऱ्याच वर्षीं बोस्टनचे शिक्षक ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांस बोलाविलें. आणि सन १८८७ मध्यें त्या खात्याचें टोकियो संगीतविद्यालय झालें. जपाननें पाश्चात्य संगीतच शाळाशाळांतून शिकविण्याचें ठरविलें. बडोद्यानें पाश्चात्य शाळेचा सांचा घेऊन त्यांत देशी विद्या ओतली. दोन्ही ठिकाणीं संस्था टिकली, कारण दोन्ही ठिकाणीं ती व्यक्तीच्या पुढें जाऊन नियमांवर उभी होती. बडोद्याची गायनशाळा आज तेथील विद्यापीठाच्या कलाशाखेच्या रूपानें नांदत आहे.

तंजावर व बडोदें यांस जोडणारा एक धागाही आहे. सन १९१६ मध्यें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तींत तंजावरचे अब्राहम पंडितर यांनीं श्रुतींविषयींचें आपलें मत मांडिलें व आपल्या मुलींकडून तें वाजवून-गाऊन दाखविलें. ते ख्रिस्ती असून तामीळ वैद्य होते, व्हायोलिन वाजवीत, आणि त्यांचें संशोधन देशी संगीताचें होतें. भोसल्यांचा बँड मोडल्यास साठ वर्षें झालीं होतीं; तरी त्या नगराचा माणूस गायकवाडांच्या नगरीं येऊन दोन्ही संगीतांच्या जाणिवेनें बोलत होता.

६

तिन्हींचा ताळा असा निघतो. गोमंतकांत आश्रयाची वही गांवाची होती, म्हणून राज्य गेलें तरी शिक्षण राहिलें. मात्र आरंभीं त्या वहींत दुसऱ्याच्या देवाचें धन जमा झालें होतें. तंजावरांत वही एका राजाची होती. राजा गेल्यावर शिक्षण गेलें, पण जुलूम नसल्यामुळें जें घ्यावयाचें तें लोकांनीं आपखुशीनें घेतलें व आपलेंसें केलें. बडोद्यांत वही खात्याची होती, आणि ती खात्याबरोबर चालत राहिली. इंग्रजी पलटणींनीं संख्येनें अधिक वादक तयार केले असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पलटणीस हुकमाप्रमाणें वाजविणारे हात हवे होते. विद्या देऊन ती पुढच्या पिढीस पोंचविण्याची सोय या तीन ठिकाणीं झाली.

हें सर्व निश्चित व्हावयाचें तें वेतनाच्या कागदांवरून. संग्राहकांस येथें एक विनंति करावीशी वाटते. सनदा, बखरी व वंशावळी यांस आपण कपाट देतों. वाजंत्र्यांच्या हजेऱ्या, कापडचोपड व वाद्यांच्या खरेदीचे हिशेब, बँडमास्तरांनीं हातानें उतरलेल्या सुरांच्या वह्या, यांस रद्दीच्या मोलानें जाऊं देतों. वाजंत्री, बाजा, बँड अशा कोणत्याही सदराखालीं एखादा मोडी कागद हातीं लागला, तर तो बाजूस टाकण्यापूर्वीं वाचावा. आज धामणकर नाक्यावरून वाजत जाणाऱ्या क्लॅरिनेटवाल्यास त्याच्या वाद्याचा इतिहास कोणीं सांगितलेला नसतो, आणि त्याची विद्या बहुधा कानावरून कानावर आलेली असते. ती कोणाच्या अन्नावर वाढली, हें त्याला सांगावयाचें असेल तर तेवढे कागद तरी आपल्या हातीं राहिले पाहिजेत.