जावळ्या कोकरांचं मूळ

साल 1792. सुंदरबनात तुम्ही गुडघाभर चिखलात उभे आहात आणि पुढ्यातल्या मेंढ्याही पाण्यात उभ्या राहूनच गवत ओरबाडताहेत. आपल्याकडची मेंढरं अशा ओलीत चार दिवस तग धरणार नाहीत. या गारोल मेंढ्या. पूर्ण वाढलेली मेंढी जेमतेम 10-12 किलोची. हवी तर उचलून बघा. पण तिच्या कासेकडे नजर टाका. दोन कोकरं लुचताहेत आणि तिसरं मध्ये घुसू पाहतंय.

कोलकात्याच्या धक्क्यावर बंगालच्या मेंढ्या जहाजात चढवल्या जाताहेत. 1792 आणि 1793 साली त्या सिडनीला उतरल्या, कारण नव्या इंग्रज वसाहतीला पोटाची भ्रांत होती. पुढे लोकरीची मरिनो आली. मग या बारक्या जनावरांना कोण विचारतो? संकर होत गेले आणि बंगाली रूप कळपांत पार विरलं.

आता दीडशेहून अधिक वर्षं ओलांडा. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ या मेंढवाड्यावर सीअर्स बंधूंच्या मरिनो व्याताहेत. मरिनोला एरवी बहुधा एकच कोकरू होतं. इथे तिळी, चौळी दिसतात. या भावांनी एक साधी गोष्ट वर्षानुवर्षं निष्ठेने केली: जास्त कोकरांच्या वेतातली जनावरं पैदाशीला राखली. 1950 च्या दशकाअखेर त्यांनी सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिलेला मेंढा एकाच वेतातल्या पाच भावंडांपैकी होता.

पुढच्या टप्प्यावर जरा थांबा, खरी गंमत इथे आहे. मेंढी उताणी बांधलेली आहे, पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बीण आत सोडली आहे. तुम्ही डोळा लावता. बीजांडकोशावर पिवळसर फुगवटे दिसतात. जिथून बीजांड सुटलं, तिथे उरलेले हे पीतपिंड. मोजा. काही मेंढ्यांत एक-दोन, काहींत तीन-चार, काहींत पाच किंवा त्याहून जास्त. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असता, तर असे तीन गट पडले नसते. एकच मोठं जनुक असेल तरच हा हिशोब लागतो: एकही प्रत नाही, एक प्रत, दोन प्रती. त्याला ‘फेक-बी’ नाव मिळालं. ते बंगालच्या मेंढ्यांतून आलं असावं, असा अंदाज मेंढ्यांच्या आनुवंशिकीच्या अभ्यासक हेलन न्यूटन टर्नर यांनी मांडला.

2001 साली संशोधकांच्या तीन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढलं. बीएमपीआर-1बी या जनुकात डीएनएच्या ए या अक्षराच्या जागी जी आलं आहे, एवढाच बदल. त्यामुळे बीजपुटिकांची वाढ आवरणारा संदेश क्षीण होतो. त्या लहान आकारातच पक्व होतात आणि एका माजाला एकाहून जास्त बीजांडं सुटतात. पाठोपाठ गारोलचं रक्त तपासलं, तर त्यातही हुबेहूब तोच बदल सापडला.

म्हणजे ही जावळी एकमेकांची नक्कल नव्हेत. दोन बीजांडांची दोन वेगळी भावंडं आहेत. नक्कल बघायची तर 1996 च्या जुलैत एडिनबराजवळ रोझलिनला जा. 277 बीजांडांवर प्रयोग झाले, तेव्हा डॉली ही एक क्लोन मेंढी जन्मली. जगभर गाजली ती. त्याच दशकात फलटणला जे चाललं होतं, ते मला धनगरांच्या दृष्टीने कितीतरी मोलाचं वाटतं.

तर फलटणला या. बॉन निंबकर यांच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातून थेट गारोल आणल्या आणि दख्खनी मेंढ्यांशी संकर सुरू केला. दख्खनी मेंढीला जवळजवळ नेहमी एकच कोकरू. संकरातून कोकरं वाढली, पण अंग घटलं. म्हणून चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनीकडे संकर वळवला: जनुक गारोलचं, चण दख्खनी. कोणत्या कोकरात जनुक उतरलं, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने रक्तावरून कळू लागलं. यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली.

वाड्यावर एक म्हातारी जावळं छातीशी धरून विचारते, “दोघांना दूध पुरंल का रं?” प्रश्न रास्त आहे. दुष्काळी माळावर चौळी जगवणं कुणाला परवडणार? एका प्रतीत बहुधा दोन कोकरं मिळतात. आपल्या रानाला तेवढीच झेपतात, असं माझं ठाम मत आहे.

तुमची मेंढरं असतील आणि असा मेंढा घ्यायचा असेल, तर जनुक चाचणीचा निकाल मागून घ्या. आणि गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवा. जुळ्यांची वाढ आणि आईचं दूध त्यावरच ठरतं.