जुनी इमारत दुरुस्त करा, करात सूट मिळवा : अमेरिकेतील २० टक्के टॅक्स क्रेडिट नेमकं काय आहे?

जुनी वास्तू जपायची तर खर्च मालकाचा आणि कौतुक गावाचं, ही तक्रार सगळीकडे सारखीच. अमेरिकेत या खर्चातला काही भाग सरकार उचलतं. ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर झालेल्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाच्या केंद्रीय प्राप्तिकरातून कमी होते.

सुरुवात कशी झाली?
जुनं पाडून नवं बांधणं तिथल्या करकायद्यात फायद्याचं ठरत होतं. १९७६ च्या कायद्याने ऐतिहासिक इमारत पाडण्याच्या खर्चाची वजावट बंद केली आणि दुरुस्तीला सवलत दिली. १९८१ मध्ये क्रेडिट २५ टक्के झालं, १९८६ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं. २०१७ च्या कायद्यानुसार आता ही रक्कम एकदम न मिळता पाच वर्षांत विभागून मिळते.

वजावट आणि क्रेडिट यात फरक काय?
वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट भरायच्या करातून. समजा, पात्र खर्च १० लाख डॉलर झाला. क्रेडिट २ लाख डॉलर, म्हणजे दरवर्षी ४० हजार डॉलर कर कमी.

कोणाला मिळतं?
इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू नोंदवहीत हवी किंवा नोंद झालेल्या ऐतिहासिक परिसराचा महत्त्वाचा भाग हवी. ती उत्पन्न देणारी हवी : दुकान, कार्यालय, हॉटेल, भाड्याची घरं. मालक स्वतः राहतो त्या घराला हे केंद्रीय क्रेडिट नाही. खर्चही भरीव लागतो. जमिनीची किंमत आणि घसारा वगळून इमारतीचं जे मूल्य उरतं, त्यापेक्षा किंवा ५ हजार डॉलरपेक्षा, यातलं जे जास्त असेल त्याहून अधिक खर्च साधारणपणे २४ महिन्यांत व्हावा लागतो. टप्प्याटप्प्याच्या कामाला ६० महिने मिळतात.

छप्पर, भिंती, वायरिंग, नळकाम, वास्तुविशारदाची फी हे खर्च धरतात. खरेदीची किंमत, वाढीव बांधकाम, बाग, पार्किंग आणि फर्निचर धरत नाहीत.

मंजुरी कशी?
अर्ज तीन भागांत असतो : वास्तूचं महत्त्व, नियोजित काम आणि पूर्ण झालेलं काम. तो राज्याच्या वारसा जतन कार्यालयामार्फत नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातो. कराची बाजू प्राप्तिकर खातं पाहतं. शक्य तिथे जुनं बदलण्याऐवजी दुरुस्त करावं, हे मुख्य सूत्र. विटांची हानी करणारा वाळूचा मारा चालत नाही. मंजुरीआधी काम सुरू केलं आणि ते निकषांत बसलं नाही, तर क्रेडिट हातचं जातं.

काम पूर्ण होऊन इमारत वापरात आल्यावर पाच वर्षांच्या आत विकली, तर क्रेडिटचा काही भाग परत करावा लागतो. पहिल्याच वर्षी विकली तर पूर्ण, पुढे दरवर्षी २० टक्क्यांनी कमी.

आपल्याकडे काय?
भारताच्या प्राप्तिकरात असं क्रेडिट नाही. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने वेगळी वाट काढली : वारसा यादीमुळे बांधकामाचा हक्क वापरता आला नाही, तर तो टीडीआर म्हणून दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. पण टीडीआर न बांधल्याची भरपाई करतो, दुरुस्तीची नव्हे. बेळगाव असो की ग्वाल्हेर, गळकं छप्पर दुरुस्त करणाऱ्या वाड्याच्या मालकाला गरज असते ती दुसऱ्या गोष्टीची.