दार उघडलं, पण कोणासाठी?

मंडळी, आपल्या कारंजात गोल्फ कोणी खेळत नाही हे मला माहीत आहे. तरी आजची पोस्ट गोल्फच्या मैदानावर आहे. एकदा शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्या.

मुंबईत हाजी अलीजवळ, महालक्ष्मी रेसकोर्सच्या शेजारी विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब आहे. अठरा होलचं गोल्फ मैदान, तेही मुंबईत, जिथं माणसाला पाय पसरायला जागा मिळत नाही. पण या क्लबचं नाव झालं ते हिरवळीमुळे नाही. गोऱ्यांच्या क्लबात हिंदी माणसाला दारातूनच परत पाठवायचे त्या काळात मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने १९१८ च्या सुमारास हिंदी आणि युरोपियन दोघांना सभासद करून घेणारा क्लब काढला. त्याने पाहुणा म्हणून नेलेल्या एका महाराजांना यॉट क्लबने आत घेतलं नाही, म्हणून तो चिडला, अशी गोष्ट सांगतात. तेव्हापासून 'वर्णभेदाची भिंत पाडणारा क्लब' ही कीर्ती त्याला चिकटली.

ही कीर्ती खरी किती? माझ्या मते अर्धी.

त्याच १९१८ साली काय चाललं होतं बघा. जून महिन्यात मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये युद्धपरिषद भरली, अध्यक्ष हेच विलिंग्डन. लोकमान्य टिळक बोलायला उठले आणि स्वराज्याचा विषय काढताच विलिंग्डनने त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. डिसेंबरमध्ये याच साहेबाच्या निरोपाला स्मारक करायची टूम निघाली, तेव्हा जिनांच्या पुढाकाराने मुंबईकरांनी टाऊन हॉलमधली ती सभाच उधळली. हो, तेच जिना, तेव्हा काँग्रेसमध्ये होते. त्या पराक्रमाची आठवण म्हणून लोकवर्गणीतून जिना हॉल उभा राहिला. पुढे विलिंग्डन व्हाइसरॉय होऊन आला आणि जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना तुरुंगात टाकलं.

म्हणजे संस्थानिक, गिरणीमालक, बडा व्यापारी यांच्यासाठी दार उघडं आणि टिळकांचं तोंड बंद! कातडीचा भेद कमी केला हे मान्य, त्या काळात तेही सोपं नव्हतं. पण खिशाचा भेद तसाच राहिला. आमच्या वऱ्हाडातला कापूस मुंबईला जायचा, त्यावर गिरण्या चालायच्या, मालक संध्याकाळी गोल्फ खेळायचे. कापूस पिकवणाऱ्याला त्या दाराचा काय उपयोग, भाऊ?

आता दुसरं टोक बघा. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचं गाव आहे. तिथल्या ओल्ड कोर्सला अख्खं जग गोल्फची पंढरी मानतं. अठरा होलची पद्धत तिथूनच आली, १७६४ मध्ये बावीसचे अठरा केले तेव्हा. पण मला त्याचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. ती जमीन गावाची आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ई-क्लास! १५५२ च्या सनदेतच गावकऱ्यांचा तिथं खेळायचा हक्क नोंदला आहे. मध्ये गावावर कर्ज झालं आणि १७९७ मध्ये जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरलं. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली. शेवटी १८९४ मध्ये नगर परिषदेने पार्लमेंटचा कायदा करून घेतला आणि जमीन परत मिळवली. आज तिथला जगप्रसिद्ध आर अँड ए क्लब त्या मैदानाचा मालक नाही. (आणि या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ उजाडलं, तेही सांगून ठेवतो. तिथंही सगळं सोन्याचं नाही.) रविवारी मैदानावर एरवी खेळ बंद असतो. गावातले लोक पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन तिथं फिरायला येतात.

म्हणून सेंट अँड्र्यूजची कीर्ती मला पटते, विलिंग्डनची अर्धीच.

आपलं कारंजा वेशींचं गाव. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. वेस उघडी आहे एवढं ऐकून आपण खूश होत नाही, कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं हेही विचारतो. मैदानाबद्दल मात्र विचारत नाही. विलिंग्डनच्या शेजारच्या रेसकोर्सचंच बघा. २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तोही किती वाद होऊन.

आपल्या तालुक्यातली ई-क्लास जमीन किती उरली, कोणाच्या ताब्यात आहे, पोरांना खेळायला त्यातली किती मोकळी आहे? ज्यांनी आपापल्या गावचा सातबारा काढला असेल त्यांनी गट नंबरासकट मला कळवा. पुढची पोस्ट त्यावरच लिहितो.