टुंग टुंग

दिवाळीआधीची आवराआवर चालू होती. सौ.ने पुतण्याला गाडीसुद्धा झाडायला लावली. डॅशबोर्डच्या कप्प्यातून काय काय निघालं... पेट्रोल पंपाच्या पावत्या, वाळकी लिंबं, आणि सीटबेल्टच्या टोकाला असते तशी एक लोखंडी पट्टी. नुसती पट्टीच, बेल्ट नाहीच.

"नाना, हे तुमचं बरं का," पुतण्या म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

वस्तू माझीच. आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो.

गाडी चिरंजीवांची. ते पुण्यात, गाडी आमच्याकडे परभणीत, आणि चालवतो पुतण्या. मी त्याच्या शेजारी बसणार. बसलो की लगेच टुंग टुंग सुरू. बेल्ट लावा. अहो, इथून वसमत रोडपर्यंत जायला कसला बेल्ट? बरं, मी नसलो तरी सुटका नाही. गंगाखेडकडून येताना पुढच्या सीटवर ज्वारीचं गाठोडं ठेवलं, तर गाडीला वाटलं माणूसच बसलाय. परभणी येईपर्यंत टुंग टुंग. शेवटी पुतण्याने गाठोड्यालाच बेल्ट लावला! मग मी दुकानातून शंभरेक रुपयांची ती पट्टी आणली. खाचेत खुपसली की गाडी गप्प. ज्या माणसाने चौतीस वर्षं शाळेच्या घंटेवर पोट भरलं, त्याला घंटेचा इतका कंटाळा यावा याची गंमत तेव्हा मला सुचली नाही.

परवा पट्टी हाती आली तेव्हा म्हटलं, हा उपद्व्याप आपणच काढला की जुना आहे, बघू तरी. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

तर हा खटाटोप चांगला पन्नास वर्षांचा निघाला. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये आणला. पट्टा आला, पण लावणार कोण? अमेरिकेत सरकारने १९७४ च्या मॉडेलांना असा नियम केला की पुढे बसलेल्यांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. लोक भडकले. किराणा सामानाची जड पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तरी गाडी सुरू होईना. (आमच्या ज्वारीची आठवण झाली ना?) तक्रारी थेट त्यांच्या संसदेत गेल्या आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने कायदाच झाला : अशी गाडी अडवण्याची सक्ती करायची नाही, आणि आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ आवाज काढण्याचीही सक्ती करायची नाही. आठ सेकंद! ही मर्यादा निघाली ती थेट २०१२ मध्ये. एवढ्या मोठ्या देशाने कानाला त्रास होतो म्हणून अडतीस वर्षं घंटेच्या तोंडावर हात ठेवला, तिथे परभणीच्या एका पेन्शनरची काय कथा.

आपल्याकडे ही टुंग टुंग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. चालक आणि शेजारी दोघांच्या पट्ट्याची आठवण, शिवाय वेग ८० च्या वर गेला की अधूनमधून आणि १२० च्या वर गेला की सतत इशारा. यातली ८० ची गोष्ट मला अजूनही पटलेली नाही. समृद्धी महामार्गावर मुभा १२० ची, आणि गाडी ८० पासूनच कुरकुरते. सारखी ओरडणारी घंटा वर्गात कुणी ऐकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

पण पट्ट्याची गोष्ट वेगळी. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. शेजारी बसलेलेही गेले. पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा सुरू झाली आणि माझ्या पट्टीवरही सरकारची नजर गेली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना या पट्ट्या विकणं बंद करायला लावलं. १३,११८ ठिकाणच्या जाहिराती उतरवल्या गेल्या. काही पट्ट्या म्हणे बाटली उघडायचं साधन म्हणून विकायला होत्या! २०२१ मध्ये पट्टा न लावल्यामुळे देशात १६,३९७ माणसं मेली, हा आकडाही तेव्हाच पुढे आला.

तोवर माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. नातेवाइकांना माझ्या भुवईवरचे चार टाके ठाऊक आहेत. गंगाखेड रोडला तिन्हीसांजेला उसाची ट्रॉली आडवी आली, मागे दिवा नव्हता, पुतण्याने करकचून ब्रेक मारला, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच आहे. पण पुतण्याला साधं खरचटलंही नाही, कारण त्याचा बेल्ट होता, आणि माझ्या खाचेत शंभर रुपयांची पट्टी होती, हे मी सांगितलं नाही. चष्मा फुटला, काच डोळ्यात गेली नाही एवढंच नशीब. पोराने त्या रात्री फोनवर विचारलं, "बेल्ट होता ना?" मी म्हणालो, "होता ना." गाडीत होताच की!

पुतण्याने इतके दिवस तोंड उघडलं नाही, हे त्याचं मोठेपण. हे वाचून आता चिरंजीवांचा फोन येणार, त्यालाही तयार आहे.

सौ. म्हणाली, भंगारात टाका ती. पण भंगारवाल्याकडून कुणीतरी उचलून परत खाचेत घालायचा. म्हणून आधी ओट्यावर ठेवून हातोडीने चांगली वाकडी केली, मग दिली.