शाबो खटला: मनाच्या वेदनेचा निवाडा

२८ सप्टेंबर १९९१. नेदरलँड्समधील पन्नास वर्षांच्या एका स्त्रीने आपल्या राहत्या घरी डॉक्टरांच्या साहाय्याने जीवनाचा शेवट केला. तिला कर्करोग नव्हता, अर्धांगवायू नव्हता. शरीराने ती निरोगी होती. साहाय्य करणारे डॉ. बाउडेवाइन शाबो हे हार्लेमचे मानसोपचारतज्ज्ञ. त्याच दिवशी त्यांनी आपल्या कृत्याची खबर स्वतःहून अधिकाऱ्यांना दिली. मानसिक व्याधी आणि इच्छामरण यांविषयी आज जगभर जो वाद चालू आहे, त्यातील बहुतेक प्रश्न या एका खटल्यात प्रथम न्यायासनासमोर आले.

त्या काळी नेदरलँड्समध्ये इच्छामरण कायदेशीर होते, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १८८६ पासून अमलात असलेल्या डच दंडसंहितेनुसार आत्महत्येस साहाय्य करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर विनंतीवरून प्राण घेणाऱ्यास बारा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता. बदल झाला तो न्यायालयांतून. १९७३ साली लेउवार्डन येथे, आजारी आईला तिच्या विनंतीवरून मृत्यू देणाऱ्या एका डॉक्टर स्त्रीला अवघ्या एका आठवड्याची आणि तीही स्थगित शिक्षा झाली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. जीव राखण्याचे कर्तव्य आणि असह्य यातना दूर करण्याचे कर्तव्य यांच्या कात्रीत डॉक्टर सापडला, तर त्या निकडीचा बचाव त्याला घेता येईल, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र तेथे रुग्ण ९५ वर्षांची होती आणि यातना जराजर्जर देहाच्या होत्या.

शाबोंकडे आलेल्या स्त्रीची कहाणी वेगळी होती. तिचा संसार दीर्घकाळ दुःखाचा होता आणि अखेर घटस्फोटात संपला. थोरल्या मुलाने १९८६ मध्ये आत्महत्या केली. धाकटा १९९१ च्या मे महिन्यात, विशीतच, कर्करोगाने गेला. दोन्ही मुलांच्या कबरींच्या मध्ये आपल्याला चिरविश्रांती मिळावी, एवढीच तिची इच्छा उरली होती. ऐच्छिक इच्छामरणाचा पुरस्कार करणाऱ्या डच संघटनेमार्फत ती शाबोंपर्यंत पोहोचली. ऑगस्टच्या प्रारंभापासून सुमारे पाच आठवडे त्यांनी तिच्याशी अनेक तास संवाद साधला. शोकावर उपचार घेऊन पाहावेत, असे सुचवले. तिने नकार दिला. मुलांच्या वियोगातून ‘बरे होणे’च तिला नको होते.

शाबोंनी सात तज्ज्ञांचे मत मागवले. बहुतेकांनी त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. परंतु त्यांच्यापैकी एकानेही त्या स्त्रीची प्रत्यक्ष तपासणी केली नव्हती. ही उणीव प्रथम कोणाला फारशी जाणवली नसावी. आसेनच्या जिल्हा न्यायालयाने आणि लेउवार्डनच्या अपील न्यायालयाने शाबोंचा बचाव ग्राह्य धरला.

२१ जून १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. यातनेचे मूळ देहात आहे की मनात, यावरून तिची तीव्रता ठरत नाही. म्हणून केवळ मानसिक यातना असली तरी निकडीचा बचाव तत्त्वतः घेता येतो, असे न्यायालयाने सांगितले. त्या एका वाक्याने शतकानुशतकांची एक सीमारेषा पुसली गेली. पण लगेच न्यायालयाने नवी कुंपणे घातली. अशा प्रकरणी पराकोटीची सावधगिरी हवी. स्वतंत्र तज्ज्ञाने रुग्णाला स्वतः तपासलेच पाहिजे. उपचाराचा वास्तव पर्याय रुग्णाने पूर्ण स्वेच्छेने नाकारला असेल, तर परिस्थितीला सहसा निराशाजनक म्हणता येणार नाही. शाबोंचा खटला दुसऱ्या अटीवर अडला. ते दोषी ठरले. मात्र शिक्षा झाली नाही. पुढील वर्षी वैद्यकीय शिस्तपालन मंडळाने त्यांना ताकीद दिली.

निकालाने सुटलेला प्रश्न एक, अनुत्तरित राहिलेले अधिक. कर्करोगाच्या रुग्णाची मरणेच्छा ही त्याच्या रोगाहून वेगळी गोष्ट असते. नैराश्यात मात्र मरणाची ओढ हेच रोगाचे एक लक्षण असू शकते. मग ती इच्छा रुग्णाची की व्याधीची? आणि ज्या रोगात दीर्घकाळानंतरही सुधारणा घडून येते, तेथे ‘आशा नाही’ हे कोणत्या दिवशी ठरवायचे? शिवाय खुद्द शाबोंच्या दृष्टीने ती स्त्री शोकमग्न होती, रुग्ण नव्हती. न्यायालयाने तिच्या अवस्थेला व्याधीच्या चौकटीत बसवले, हे नजरेआड करता येत नाही. तसे केले नसते, तर कोणत्याही दुःखी माणसासाठी दार उघडले असते. ती भीती पोकळ नव्हती. जीवनाला कंटाळलेले माजी सिनेटर एडवर्ड ब्रोंगर्स्मा यांना १९९८ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूसाठी साहाय्य केले होते. डिसेंबर २००२ मध्ये त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की यातनेचे मूळ वैद्यकीय व्याधीतच असले पाहिजे.

दरम्यान १ एप्रिल २००२ पासून इच्छामरणाचा डच कायदा लागू झाला होता. त्यात असह्य आणि सुधारणेची आशा नसलेली यातना अशी अट आहे. देह आणि मन असा भेद नाही. तरीही मानसोपचारतज्ज्ञ बराच काळ या वाटेला गेले नाहीत. २०१० मध्ये मनोव्याधीच्या कारणास्तव झालेल्या इच्छामरणाच्या केवळ दोन घटना नोंदल्या गेल्या. २०१२ मध्ये, स्वतःचे डॉक्टर तयार नसलेल्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र संस्था सुरू झाली. २०२४ मध्ये ही नोंद २१९ वर पोहोचली. त्या वर्षीच्या एकूण ९,९५८ घटनांच्या तुलनेत अल्प, पण १४ वर्षांपूर्वीच्या दोनच्या तुलनेत प्रचंड.

या वाढीवर कठोर टीका करणाऱ्यांत एक नाव अनपेक्षित होते. २०१७ साली एका प्रमुख डच दैनिकात लिहिताना वृद्ध शाबोंनी या संस्थेच्या कार्यपद्धतीवर आक्षेप घेतला. मनोरुग्णाशी उपचाराचे नाते नसलेला डॉक्टर त्याच्या आशेचा निवाडा कसा करू शकतो, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. १९९१ मध्ये ते स्वतः त्या स्त्रीला पाच आठवडे ओळखत होते.