ट्रायकोकार्ड

ट्रायकोकार्ड हे पिकांवरील पतंगवर्गीय किडींच्या जैविक नियंत्रणासाठी वापरले जाणारे कागदी कार्ड होय. या कार्डावर धान्यातील एका पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांच्या आत ट्रायकोग्रामा या सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशीची वाढ होत असते. कार्ड शेतात लावल्यावर त्यातून माश्या बाहेर पडतात, किडीची अंडी शोधतात व त्यांत आपली अंडी घालतात. त्यामुळे अळी जन्मण्यापूर्वीच किडीचा नाश होतो. महाराष्ट्रात ऊस, कापूस, भात, मका व टोमॅटो या पिकांत ट्रायकोकार्डांचा वापर होतो. कार्डातील कीटक जिवंत असल्यामुळे त्याची उपयुक्तता काही दिवसांपुरतीच असते; म्हणून निर्मितीइतकेच शीतसाठवण आणि वाहतुकीलाही महत्त्व आहे.

ट्रायकोग्रामा

ट्रायकोग्रामा ही हायमेनॉप्टेरा गणाच्या ट्रायकोग्रामाटिडी कुलातील प्रजाती असून तिचे वर्णन वेस्टवूड यांनी १८३३ मध्ये केले. प्रौढ माशीची लांबी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. ती माणसाला दंश करत नाही व पिकालाही अपाय करत नाही. मादी किडीच्या अंड्याचे कवच आपल्या अंडनलिकेने भेदून आत अंडे घालते. त्यातून निघालेली अळी यजमान अंड्यातील द्रव्यावर वाढते. तीन ते चार दिवसांत यजमान अंडे काळे पडते. हा काळा रंग परोपजीवीकरण यशस्वी झाल्याची सर्वांत सोपी खूण मानला जातो. सुमारे २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात आठ ते दहा दिवसांत जीवनक्रम पूर्ण होतो आणि प्रौढ माशी कवचाला गोल छिद्र पाडून बाहेर येते.

भारतात सर्वाधिक वापरली जाणारी जाती ट्रायकोग्रामा चिलोनिस ही आहे. उसावरील शेंडे कीड व भातावरील खोडकीड यांच्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम, तर टोमॅटोवरील फळे पोखरणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम या जातींची शिफारस केली जाते. कीड आणि पीक पाहून जाती निवडावी लागते. एकाच जातीचे कार्ड सर्व पिकांत सारखे उपयोगी पडत नाही.

इतिहास

ट्रायकोग्रामाची मोठ्या प्रमाणावर पैदास करण्याची पद्धत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी विकसित केली. त्यांनी यजमान म्हणून साठवणुकीतील धान्यावर जगणाऱ्या पतंगाची अंडी वापरली. शेतातील किडीऐवजी कोठारातील कीड वापरल्यामुळे वर्षभर अंडी मिळणे शक्य झाले. भारतात याच तत्त्वावर कॉर्सिरा सेफॅलोनिका या तांदळातील पतंगाचा उपयोग रूढ झाला.

जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७७ मध्ये सुरू झाला. त्यातून १९९३ मध्ये बंगळूर येथे जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय स्थापन झाले. आज ही संस्था राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखली जाते. संचालनालयाने एंडोसल्फान या कीटकनाशकाला तोंड देऊ शकणारा ट्रायकोग्रामा चिलोनिसचा ‘एंडोग्राम’ हा वाण विकसित केला होता. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली.

निर्मिती

ट्रायकोकार्डाच्या निर्मितीत दोन कीटकांची पैदास एकाच वेळी करावी लागते: यजमान पतंगाची आणि परोपजीवी माशीची.

पतंगाच्या पैदाशीसाठी ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा उष्णतेने निर्जंतुक करून पेट्यांत भरतात. एका पेटीत साधारण अडीच किलो भरडा, थोडी शेंगदाण्याची पूड, यीस्ट व बुरशी आणि कोळी यांना आळा घालण्यासाठी गंधक मिसळतात. त्यावर अर्धा घन सेंटिमीटर अंडी पसरतात. सुमारे ४० दिवसांनी पतंग निघू लागतात. ते गोळा करून जाळीचा तळ असलेल्या पिंपात सोडतात. मादीने घातलेली अंडी जाळीतून खाली पडतात. ती चाळून त्यांतील खवले व कचरा काढून टाकतात. पतंगांचे खवले हवेत उडून कामगारांना श्वसनाचा त्रास व ॲलर्जी होऊ शकते, म्हणून या खोलीत तोंडावर मुखपट्टी बांधणे आवश्यक असते.

स्वच्छ अंड्यांवर अतिनील किरणांचा अर्धा ते पाऊण तास मारा करतात. त्यामुळे अंड्यातील भ्रूण मरतो, परंतु अंडे माशीला वाढीसाठी योग्य राहते. ही पायरी चुकल्यास ज्या अंड्यांत माशीने अंडे घातलेले नाही त्यांतून पतंगाच्या अळ्या निघतात व कार्डावरील इतर अंडी खातात. नंतर डिंकाचे पातळ द्रावण लावलेल्या कार्डावर अंड्यांचा एकसारखा थर पसरतात. एका कार्डावर साधारण एक घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १६ ते २० हजार अंडी बसतात. अशी सहा कार्डे आणि माश्या निघण्याच्या बेतात असलेले एक मूळ कार्ड पारदर्शक पिशवीत एकत्र ठेवतात. माश्यांना खाद्य म्हणून मधाचा बारीक ओरखडा देतात. तीन-चार दिवसांनी नवी कार्डे काळी पडतात.

प्रयोगशाळेतील मोठा धोका म्हणजे ब्रॅकॉन हेबेटर ही दुसरी परोपजीवी माशी. नारळावरील काळ्या डोक्याच्या अळीविरुद्ध हीच माशी मुद्दाम सोडली जाते. मात्र ती कॉर्सिराच्या पेट्यांत शिरल्यास अळ्या मारून संपूर्ण पैदास बंद पाडते. म्हणून पेट्यांची झाकणे बारीक जाळीची ठेवतात आणि दोन्ही कीटकांच्या खोल्या वेगळ्या ठेवतात.

शीतसाठवण

सामान्य तापमानात काळ्या पडलेल्या कार्डातून तीन-चार दिवसांतच माश्या निघू लागतात. शेतात किडीची अंडी तेव्हा उपलब्ध असतीलच असे नाही. ही तफावत भरून काढण्यासाठी कार्डे ५ ते १० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. थंडीमुळे कोषातील वाढ मंदावते व माश्यांचे निघणे सुमारे दोन ते तीन आठवडे लांबवता येते. साठवणीसाठी अंडी काळी पडल्यानंतरची अवस्था निवडतात, कारण कोवळ्या अवस्थेतील कीटक थंडी कमी सहन करतात.

वाढ मंदावली तरी ती पूर्णपणे थांबत नाही आणि कोषातील साठवलेली ऊर्जा खर्च होत राहते. म्हणून साठवणीचा काळ वाढत जातो तसे निघणाऱ्या माश्यांचे प्रमाण घटते, पंख अपुरे वाढलेल्या माश्यांची संख्या वाढते आणि मादीची अंडी घालण्याची क्षमता कमी होते. अशा कार्डातून माश्या निघालेल्या दिसल्या तरी त्या पिकात उडून अंडी शोधतीलच असे नसते. वीजपुरवठा खंडित होऊन तापमान वर-खाली झाल्यास नुकसान अधिक होते. कार्ड घरगुती शीतकपाटात ठेवता येते; पण बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास कोष मरतात. वाहतूक थंड पेटीतून, बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता करतात. लावण्यापूर्वी कार्ड काही काळ सावलीत सामान्य तापमानाला आणतात.

समशीतोष्ण प्रदेशातील काही जाती थंडीत नैसर्गिक सुप्तावस्थेत जातात. युरोपात मक्यावरील खोडकिडीसाठी वापरली जाणारी ट्रायकोग्रामा ब्रॅसिकी ही जाती या अवस्थेत कित्येक महिने साठवता येते. उष्ण प्रदेशातील ट्रायकोग्रामा चिलोनिसच्या बाबतीत मात्र निर्मिती हंगामाशी जुळवूनच करावी लागते.

कृष्णाकाठच्या उसातील वापर

महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा नदी पुढे सातारा व सांगली जिल्ह्यांतील ऊसपट्ट्यातून वाहते. या पट्ट्यात सुरू, पूर्वहंगामी व आडसाली अशा तीन हंगामांत ऊस लावला जातो. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र कार्यरत आहे.

उन्हाळ्यात कोवळ्या उसावर खोडकिडीचा प्रादुर्भाव वाढतो. अळी कोंब पोखरते, पोंगा मरतो व फुटव्यांची संख्या घटते. अळी एकदा कोंबात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अंड्याच्या अवस्थेतच तिला रोखणे परिणामकारक ठरते. यासाठी लागवडीनंतर महिन्याभराने, हेक्टरी सुमारे ५० हजार माश्या या प्रमाणात, सात ते दहा दिवसांच्या अंतराने कार्डे लावतात. हे प्रमाण एकरी साधारण एक कार्ड इतके होते. कांड्या सुटल्यानंतर कांडी किडीसाठी पुन्हा कार्डे वापरतात. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या सकाळी किंवा सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस टाचतात. त्यामुळे ऊन व पाऊस यांपासून संरक्षण मिळते. पाचटाचे आच्छादन आणि वेळेवर बांधणी यांची जोड दिल्यास खोडकीड अधिक आटोक्यात राहते.

मर्यादा

ट्रायकोग्रामा केवळ अंड्यांवर उपजीविका करत असल्यामुळे अळ्या दिसू लागल्यावर लावलेल्या कार्डाचा त्या पिढीवर उपयोग होत नाही. अंडी न घालता पिले जन्माला घालणाऱ्या किडींवरही ती निरुपयोगी ठरते. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यासह पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला, तेव्हा हा फरक स्पष्ट झाला. त्या किडीविरुद्ध डिफा (कोनोबाथ्रा) व मायक्रोमस हे परभक्षी कीटक आणि एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही परोपजीवी माशी यांचा उपयोग करण्यात आला.

कार्ड लावण्याच्या आधी व नंतर किमान आठवडाभर रासायनिक कीटकनाशकाची फवारणी टाळावी लागते. शेजारच्या शेतातून येणारा फवाराही माश्यांना मारक ठरतो. मुंग्या कार्डावरील अंडी खातात. कडक ऊन, जोराचा वारा व पाऊस यांनीही परिणाम घटतो.

भारतात सूक्ष्मजीवांवर आधारित कीटकनाशकांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते. परोपजीवी व परभक्षी कीटकांना ती लागत नाही. त्यामुळे कार्डाची पारख बऱ्याच अंशी खरेदीदारावर पडते. कार्डावर जातीचे नाव, परोपजीवीकरणाचा दिनांक आणि माश्या निघण्याचा अपेक्षित दिनांक असणे आवश्यक आहे. अंडी एकसारखी काळी व टपोरी असावीत. पांढरी किंवा सुरकुतलेली अंडी जास्त असल्यास अथवा अंड्यांना छिद्रे दिसत असल्यास ते कार्ड निकृष्ट किंवा आधीच रिकामे झालेले असते. कार्डाचा लहान तुकडा बंद काचेच्या नळीत सामान्य तापमानाला ठेवून किती माश्या निघतात हे मोजणे, ही शेतकऱ्याला घरी करता येणारी चाचणी होय.

हेही पाहा

जैविक कीड नियंत्रण
एकात्मिक कीड व्यवस्थापन
ऊस
लोकरी मावा